गार केलेल्या गोळ्या

करुणाला फार काही नको होतं. रोज रात्री जेवल्यावर एक गोळी खायची, वर तांब्याभर पाणी प्यायचं आणि झोपायचं, एवढंच. गोळीही अशी की तळहातावर घेतली तर संक्रांतीच्या हलव्याचा दाणा वाटावी. पण न्हावऱ्यासारख्या गावात राहायचं, शाळेत मास्तरीण व्हायचं, वर पोटुशी असायचं आणि एक गोळी गुपचूप खायची म्हणजे ओच्यात मांजर लपवून बाजारातून जाण्यासारखं आहे. मांजर गप्प बसत नाही आणि बाजार तर नाहीच नाही.

गोळी दिली होती शिरूरच्या डॉक्टरीणबाईंनी. मागच्या खेपेला सातव्या महिन्यात करुणाचं बी.पी. एकाएकी चढलं. त्यापुढचं घरात कुणी बोलत नसे. म्हणून या खेपेला तिसरा महिना सरताच बाईंनी तिला समोर बसवलं आणि सांगितलं, "ही ॲस्पिरिनच आहे, पण डोकेदुखीची मोठी नव्हे, लहान डोसची. मागं तुला जे झालं ते पुन्हा व्हायचा धोका हिनं कमी होतो. सगळ्या गरोदर बायकांनी खायची नाही, तू खायची. मी सांगेपर्यंत थांबवायची नाही. आणि कुणाच्या सांगण्यावरून तर मुळीच नाही."

शेवटचं वाक्य त्या चष्म्याच्या वरून बघत म्हणाल्या. तालुक्यात वीस वर्षं दवाखाना चालवलेल्या बाईला काय काय माहीत असतं, ते त्या बघण्यात होतं.

करुणाचा नवरा सतीश दौंडला रेल्वेत होता. रोज मोटारसायकलवरून जाऊन येऊन करायचा. त्यानं रेल्वेचं कॅलेंडर स्वयंपाकघरात टांगलं आणि रोज गोळी झाली की तारखेवर लाल पेन्सिलीनं बरोबरची खूण करायला सुरुवात केली. सासूबाई अंजनाबाईंनाही गोळीचं सांगितलं होतं. "चार येळा बाळंत झाले, एक गोळी म्हून खाल्ली न्हाई," एवढंच त्या म्हणाल्या आणि भाकरी थापायला बसल्या. डॉक्टरांच्या शब्दाबाहेर जायचं नाही, हे त्यांनी मागच्या खेपेलाच मनाशी बांधलं होतं.

पहिला महिना शिरूरहून आणलेल्या गोळ्यांवर निघाला. जानेवारीच्या शेवटी गोळ्या संपत आल्या, सतीशची डबल ड्यूटी लागली आणि करुणा शाळा सुटल्यावर चिठ्ठी घेऊन एस.टी. स्टँडजवळच्या बबनरावांच्या मेडिकलमध्ये गेली. आयुष्यात माणसाच्या हातून ज्या चुका होतात त्यांतल्या बऱ्याचशा वाकडी वाट नको म्हणूनच होतात.

बबनरावांनी चिठ्ठी लांब धरली, जवळ धरली. मग करुणाकडं असं बघितलं की तिला वाटलं, आपल्या नावावर वॉरंट निघालंय.

"मॅडम, ही तर चेअरमनची गोळी."

"कुणाची?"

"पोपटराव चेअरमनची. दूध सोसायटीच्या. दोन वर्षांमागं अटॅक आला न्हाई का त्यांना? तवापासून ही गोळी. अख्ख्या न्हावऱ्यात ही गोळी एकच माणूस खातो. आता तुम्ही." त्यांनी आवाज खाली आणला. "किती दिवसांपासून हाय हा त्रास?"

"त्रास नाही हो. डॉक्टरांनी सांगितलीय."

"सांगणारच की. डॉक्टर काय गोडशेव सांगंल व्हय?" बबनरावांनी सहा पाकिटं काढून कागदात गुंडाळली. एकदम घेऊन ठेवा म्हणाले, औषधांची गाडी शुक्रवारीच येते आणि तीही आली तर. पैसे देताना त्यांनी करुणाला स्टूल पुढं केलं. ती बसली नाही. तिथंही चूकच झाली. बसली असती तर बातमी "बसली" एवढीच गेली असती. न बसल्यामुळं ती "मॅडमला बसवंना पन" अशी गेली.

दुसऱ्या दिवशी करुणा तिसरीच्या वर्गात शिरली आणि दारातच थबकली. वर्ग गप्प होता. चाळीस पोरं हाताची घडी घालून, श्वास धरून बसली होती. नोकरीच्या पाच वर्षांत तिनं हा वर्ग असा कधी बघितला नव्हता. साहेब तपासणीला आले तेव्हाही नाही.

"काय रे, काय झालं?"

पुढच्या बाकावरची सायली उठली. ही कस्तुराबाईंची, म्हणजे चेअरमनच्या बायकोची नात. तिनं हळू आवाजात, आजाऱ्याशी बोलावं तसं सांगितलं, "बाई, आजी म्हनली, दंगा करायचा न्हाई. तुमच्या काळजाला धक्का बसंल."

करुणानं त्या दिवशी तीस मिनिटांत भागाकार शिकवून संपवला. तीन दिवस असं चाललं. तालुक्यात सगळ्यात शहाणा वर्ग तिचा होता, आणि कुणाला सांगायची सोय नव्हती.

मुख्याध्यापक हौसराव सर मनानं फार चांगले. चांगल्या मनाच्या माणसाच्या हातात लेटरपॅड आलं की काय होतं ते मात्र करुणाला तेव्हा कळलं. फेब्रुवारीत जनगणना होती, शिक्षकांना घरोघर फिरायचं होतं. सरांनी तिला न विचारता तालुक्याच्या कचेरीला पत्र धाडलं की, 'उपशिक्षिका हृदयविकाराने ग्रस्त असल्याने त्यांस गणनेच्या कामातून वगळावे ही विनंती.'

"सर, मला हृदयविकार नाही. मला दिवस गेलेत."

"दोन्ही असू शकतं," सर मायेनं म्हणाले. "तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तेच वाईट असतं म्हणे."

आता प्रश्न नुसत्या मानापमानाचा राहिला नाही. सेवापुस्तकात एकदा हृदय शिरलं की बाळंतपणाची रजा मागताना ते आडवं येणार, हे करुणाला कळत होतं. म्हणून तिनं मागच्या तपासणीला डॉक्टरीणबाईंनी दिलेला दाखला घेतला आणि शिरूरची एस.टी. पकडली. एस.टी.च्या कंडक्टरनं तिला पाहून एका धडधाकट माणसाला उठवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "हार्ट पेशंट हाय, सरका." करुणा शिरूरचा स्टँड येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसली.

कचेरीतल्या क्लार्कनं दाखला दोनदा वाचला. 'सदर शिक्षिका गरोदर असून त्यांना लहान डोसची ॲस्पिरिन चालू आहे.'

"यात हृदय कुठाय?"

"नाहीये. तेच सांगायला आलेय."

"मुख्याध्यापकांच्या पत्रात हृदय आहे. तुमच्या दाखल्यात नाही. मग मधल्यामध्ये गेलं कुठं?"

"ते जागेवर आहे. त्याला आजार नाही."

"मग तसं लिहून आणा," क्लार्क म्हणाला आणि चहाच्या कपावरची बशी उचलली. त्याचा काही दोष नव्हता. त्याच्याकडं आजार असलेल्यांसाठी नमुना होता. आजार नसलेल्या माणसाला सरकारनं नमुनाच दिलेला नव्हता.

डॉक्टरीणबाईंनी हसत हसत दुसरा कागद लिहिला. 'हृदय तपासले. ठणठणीत आहे.' खाली सही, शिक्का. क्लार्कनं तो आवक नंबर घालून ठेवून घेतला आणि निर्णय कळवू म्हणाला.

निर्णय येईतो जनगणना सुरू झाली आणि करुणा पेन्सिल, तक्ते नि कापडी पिशवी घेऊन बाहेर पडली. एरवी अफवा घरोघर फिरते आणि माणूस घरात बसतो. करुणाच्या बाबतीत अफवा आधी पोचायची आणि मागून ती स्वतः उंबऱ्यावर हजर. "घरात माणसं किती?" असं तिनं विचारायचं आणि घरानं, "ते ऱ्हाऊ द्या, तुमचं काळीज कसं हाय?" असं विचारायचं. मग तिनं सांगायचं की काळीज बरं आहे, दिवस गेलेत, म्हणून गोळी आहे. त्यावर सगळं घर चुलीपाशी जमायचं. एकीनं सांगितलं, डाव्या कुशीवर निजा. दुसरीनं सांगितलं, डाव्या कुशीवर अजिबात निजू नका. एका म्हाताऱ्यानं सून, नातवंडं सांगून झाल्यावर बैलजोडीही लिहा म्हणून हट्ट धरला. नाही लिहीत म्हटल्यावर तो म्हणाला, "मग तुमच्या पोटातलं तरी कुठं लिवायचं? त्येबी अजून बोलत न्हाई." करुणा त्या दिवशी घरी येईपर्यंत मधूनमधून हसत होती. पोटातल्यानं त्याच दुपारी पहिल्यांदा लाथ मारली होती. गणनेच्या नियमात ते बसत नव्हतं, तरी तिनं आपल्यापुरती नोंद घेतली.

मध्येच एका रविवारी केंदूरहून जीप आली. माहेरी बातमी पोचायला दहा दिवस लागले होते, आणि वाटेत ती चांगली पोसली गेली होती. जीपमध्ये करुणाची आई सुरेखाबाई आणि आणखी सात माणसं. आई तळेगाव ढमढेऱ्यापासून रडत आली होती. करुणा दारात कपडे वाळत घालताना दिसली तशी ती आणखी रडली, कारण एवढ्या आजारात लेकीला कामाला लावलंय. अंजनाबाईंना ते लागलं. दोघी विहिणी अर्धा तास एकमेकींशी फार आदरानं बोलल्या. त्यापेक्षा भांडल्या असत्या तर बरं, असं सतीश नंतर म्हणाला. शेवटी गोळी म्हणजे काय, कशासाठी, हे करुणानं फळ्यावर काढावं तसं भिंतीवर बोटानं काढून दाखवलं. सगळ्यांनी माना हलवल्या, गावरान कोंबडी खाल्ली आणि जाताना एका मावशीनं तिच्या कानात विचारलं, "पन काळजाचं नक्की काय म्हनले डॉक्टर?"

आणि चेअरमन तर होतेच.

पोपटराव चेअरमन म्हणजे न्हावऱ्यातलं भारी प्रस्थ. ऊस, कांदा, अठरा म्हशी आणि दूध सोसायटीची खुर्ची. करुणा राहायची त्या बौद्ध वस्तीत ते पाच वर्षांतून एकदा यायचे, तेही चार माणसं मागं घेऊन. त्या दिवशी एकटेच आले, चप्पल बाहेर काढली आणि ओट्यावर बसून म्हणाले, "जयभीम, मॅडम. आपन आता एका गोळीची मानसं."

अंजनाबाईंनी चहा टाकला. पोपटरावांनी करुणाला तासभर गोळीचं शास्त्र सांगितलं. पोटात अन्न पाहिजे. वेळ चुकवायची नाही. मनाला येईल तेव्हा खाल्ली, असं करायचं नाही. "मानसाला शिस्त पायजे. मी दोन वर्षांत एक दिवस चुकवला न्हाई. इचारा आमच्या मंडळीला."

"आबा, मला हार्टचं नाही काही."

"नसू द्या. गोळीला काय कळतंय?" ते उठता उठता म्हणाले. "काय लागलं तर हक्कानं या." त्यांच्या चेहऱ्यावर फार दिवसांनी सोबत मिळालेल्या माणसाचा आनंद होता. तो बघून करुणा त्यांना वाटेला लावायला कोपऱ्यापर्यंत गेली.

अशा सगळ्या गडबडीत गोळी मात्र चुकत नव्हती. कॅलेंडरवर लाल खुणांची रांग कापणीच्या ज्वारीसारखी सरळ चालली होती. करुणा रोज झोपताना ती रांग बघायची. बाकी सगळं जग तिच्या काळजाची काळजी करत होतं. तिची काळजी एकच होती, सातवा महिना. तो यायला अजून अवकाश होता, पण तो रोज एक दिवसानं जवळ येत होता.

आता अंजनाबाईंकडं वळू. कारण खरी गोष्ट त्यांची आहे.

त्यांच्या मागच्या दारी राहणाऱ्या पार्वतीबाई एकदा शेंगा निवडायला आल्या आणि बोलता बोलता म्हणाल्या, "गोळी खाऊ द्या, पन गोळी म्हंजी उष्णच की वो. पोटात लेकरू आन् वर आग. आमच्या जावेचं तोंड आलं हुतं एका गोळीनं." एवढं बोलून पार्वतीबाई शेंगा घेऊन गेल्या. आग मात्र अंजनाबाईंपाशी ठेवून गेल्या.

दुसरी एखादी सासू असती तर म्हणाली असती, बंद कर गोळी. अंजनाबाई तशा नव्हत्या. डॉक्टर म्हणतात खायची, म्हणजे खायची. पण गोळी उष्ण आहे आणि खायची आहे, तर शहाण्या बाईनं काय करावं? गोळी गार करावी. यात चूक काय आहे ते अजूनही न्हावऱ्यातल्या निम्म्या बायकांना सांगता येणार नाही.

घरात गार जागा एकच. कोपऱ्यात ओल्या वाळूवर माठ असायचा. विड्याची पानं, कोथिंबीर, सगळं त्याच्या बुडाशी टिकायचं. अंजनाबाईंनी कपाटातली उरलेली चार पाकिटं काढली. चांदीच्या कागदातून गारवा आत पोचणार नाही, म्हणून छप्पन्नच्या छप्पन्न गोळ्या नखानं सोडवल्या, पांढऱ्या फडक्यात बांधल्या, फडकं ओलं केलं आणि वाळूत पुरलं. रोज सकाळ-संध्याकाळ त्यावर पाण्याचा हबका. करुणाचं चालू पाकीट संपायला अजून आठवडा होता. तोवर पुढच्या गोळ्या चांगल्या मुरतील, असा त्यांचा हिशेब. सुनेला सांगितलं नाही. उपकार बोलून दाखवू नयेत.

आठवड्यानं, मार्चच्या एका संध्याकाळी, करुणानं पाकिटातली शेवटची गोळी कालच संपली म्हणून कपाट उघडलं. कपाटात काही नव्हतं.

"आत्या, गोळ्या कुठंयत?"

"हायत की," अंजनाबाई म्हणाल्या. आवाजात आठ दिवसांचं समाधान होतं. "गार करून ठिवल्यात."

त्यांनी वाळू उकरली. फडकं सोडलं. आत चुन्यासारखा पांढरा चिखल होता आणि त्या चिखलाला आंबूस, चायनीजच्या गाडीवर असतो तसा व्हिनेगरचा वास येत होता. दोघी त्याच्याकडं बघत राहिल्या. छप्पन्न दिवस एका मुठीत मावत होते.

करुणानं पदर खोचून चपला घातल्या. सतीश दौंडला ड्यूटीवर होता. शिरूरची शेवटची गाडी गेलेली. मेडिकलमध्ये बबनराव म्हणाले, "शुक्रवारी," आणि तो होता मंगळवार. "आता चेअरमनकडंच," असं बबनरावांनीच सुचवलं. ती दुकानातून बाहेर आली तर अंजनाबाई मागोमाग येऊन उभ्या, डोक्यावरून पदर घेतलेल्या.

"तुम्ही कशाला आलात?"

"येती."

मळ्याच्या रस्त्यानं दोघी चालल्या. ऊस तुटून गेलेली वावरं दोन्ही बाजूंना. कालव्याच्या मोरीपाशी अंजनाबाई थांबल्या, करुणाला दम खायला लावला आणि तिच्याकडं न बघता म्हणाल्या, "मागल्या येळेला मी काय करायची ऱ्हाईले, ते मला अजून उमगलं न्हाई, करुणे. म्हून ह्या येळेला जे जे सुचतंय ते करती बग."

करुणानं वाटभर जो शब्द जुळवत आणला होता तो तिथंच मोरीत सोडून दिला. तिनं सासूचा हात धरला. वाट ओबडधोबड होती, असं दोघींनीही मनाला सांगितलं.

पोपटरावांचा ओटा संध्याकाळच्या गडबडीत होता. धारा झालेल्या, किटल्या सोसायटीला निघालेल्या. कस्तुराबाई सुपात तांदूळ घेऊन बसल्या होत्या. करुणानं सगळं सांगितलं. माठापाशी आल्यावर कस्तुराबाईंचं सूप थांबलं, पण त्या हसल्या नाहीत. उलट म्हणाल्या, "मला का न्हाई सुचलं?"

"एक गोळी पाहिजे होती, काकी. उद्या शिरूरहून आणून देते."

"एक?" पोपटराव खुर्चीतून उठले. हाच तो क्षण. दानशूर माणसानं आत जाण्याआधी पळभर विचार करावा, असा नियम असायला हवा. "एक काय मागताय मॅडम. आपल्या घरात गोळीला तोटा न्हाई."

ते आत गेले, ट्रंक उघडल्याचा आवाज आला आणि ते दोन्ही हातांत पाकिटं घेऊन बाहेर आले. पत्त्यांसारखी पसरून त्यांनी ती कॉटवर ठेवली. नऊ. एकही फोडलेलं नाही.

लांब कुठंतरी ट्रॅक्टर चालला होता.

कस्तुराबाईंनी सूप खाली ठेवलं. एकेक पाकीट उचलून मोजलं. "दर पंधरा दिसाला मी एक आनवती," त्या सावकाश म्हणाल्या. "हे दिवाळीचं. हे त्येच्या म्होरलं. हे पोरीच्या साखरपुड्याच्या आदलं." त्यांनी वर बघितलं. "अवो. मग मी रोज पाण्याचा तांब्या देती तवा तुम्ही नुस्तं पानी पिता व्हय?"

अठरा म्हशींचा धनी, सोसायटीच्या सभेत विरोधकांना एका वाक्यात बसवणारा माणूस, अंगठ्यानं ओट्याचं सारवण उकरू लागला.

"शिस्त," अंजनाबाई हळूच म्हणाल्या. त्या दिवसातलं त्यांचं हे एवढंच सुख.

"तसं न्हाई," शेवटी पोपटराव करुणाकडं बघून म्हणाले, जणू तिलाच कळेल. "गोळी हातात घेतली, की मला तो दिवस आठवतो. छातीवर कुनी पोतं ठिवल्यासारखा. न्हाई घेतली, की वाटतं काय झालंच न्हाई. मी आपला पयल्यासारखा."

करुणा त्यांच्या शेजारी कॉटच्या कडेला टेकली. न्हावऱ्यात असं चेअरमनशेजारी कुणी बसत नाही, हे तिला बसल्यावर लक्षात आलं, आणि ती तशीच बसून राहिली.

"आबा, मला तर घेतली तरी आठवतं, नाही घेतली तरी आठवतं. मग म्हटलं, घेऊन आठवलेलं बरं."

कस्तुराबाईंनी डोळ्याला पदर लावला आणि लगेच काढला, कारण राग अजून संपायचा होता. करुणानं एका पाकिटावरची तारीख बघितली, चिठ्ठीतला डोस ताडून बघितला. तिथंच कस्तुराबाईंनी तिला पिठलं-भाकरी खायला घातली आणि तिनं गोळी घेतली. पोपटरावांनी हात पुढं केला. कस्तुराबाईंनी तो मागं सारला. "तुम्ही उद्या आधी डॉक्टरपुढं. चार म्हयनं बुडवल्यात, आता आपल्या मनानं सुरू करायच्या न्हाईत."

दुसऱ्या दिवशी चेअरमनच्याच जीपमधून चौघंही शिरूरला गेली. पोपटरावांना त्यांच्या डॉक्टरांनी झाडलं, मशीनवर निजवलं आणि गोळी पुन्हा चालू करून दिली. करुणाला डॉक्टरीणबाईंनी तपासलं, बी.पी. घेतलं, ठीक म्हणाल्या. माठाची हकिकत ऐकल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला. मग अंजनाबाईंना शेजारी बसवून घेतलं आणि ओल आणि गोळी यांचं वैर समजावून दिलं. "आजी, ही कोरडीच राहू द्या. आणि हिची उष्णता मी बघते, ती माझ्याकडं सोपवा." अंजनाबाईंनी ती सोपवली. जड सामान खाली ठेवल्यासारखा त्यांचा चेहरा झाला.

कस्तुराबाईंचा मात्र आता नवऱ्याच्या तांब्यावर विश्वास उरला नव्हता. त्यांनी फर्मान काढलं, गोळी चारचौघांत खायची. म्हणजे कुठं, तर सोसायटीत, संध्याकाळचं दूध घालून झाल्यावर, डबा खाऊन, सगळ्यांसमोर. पोपटराव दोन दिवस खाली मान घालून खात होते. तिसऱ्या दिवशी त्यांच्यातला पुढारी जागा झाला. पेंड आल्याचं, जनावरांचे डॉक्टर आल्याचं सांगायला सोसायटीवर कर्णा होता. त्यांनी माईक हातात घेतला, दोनदा फुंकला, आणि करुणाच्या तोंडात घास असताना अख्ख्या न्हावऱ्यानं ऐकलं, "हॅलो. मॅडमना कळिवन्यात येतं की गोळीची येळ झालेली हाय. चेअरमननी घेतलेली हाय."

करुणाला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. सतीशनं मुकाट्यानं लाल पेन्सिल उचलली. अंजनाबाई तांब्या घेऊन पुढ्यात उभ्याच होत्या.

तिनं दुसऱ्या दिवशी जाऊन विनंती केली, आबा, नाव तरी घेऊ नका. पोपटरावांनी लगेच मान्य केलं. त्या संध्याकाळी कर्ण्यावरून आलं, "मॅडमच्या इच्छेवरनं त्यांचं नाव घेन्यात येत न्हाई. गोळीची येळ झालेली हाय."

मग ते गावाच्या अंगवळणीच पडलं. साखरेची गोळी खाणारे, बी.पी.ची खाणारे, दम्यावाले, सगळे कर्णा वाजला की उठू लागले. पार्वतीबाईंच्या नव्या सुनेला तिसरा महिना लागला होता. ती एकदा हात पसरून आली, "मॅडम, एक मलाबी द्या, येळ झालीय." करुणा तिला घेऊन डॉक्टरीणबाईंकडं गेली. हिला गरज नाही, असं बाईंनी सांगितल्यावर ती सून आठवडाभर हिरमुसली होती. दरम्यान तालुक्याच्या कचेरीचं पत्र आलं. करुणाचा अख्खा वॉर्ड मोजून, तक्ते जमा होऊन तीन आठवडे झाले होते. पत्रात लिहिलं होतं की सदर शिक्षिकेस जनगणनेच्या कामातून वगळण्यात येत आहे. हौसराव सरांनी ते आनंदानं फाइलला लावलं.

सातवा महिना आला. त्या महिन्यात घरात कुणी मोठ्यानं बोललं नाही. दर आठवड्याला शिरूर, दंडाला पट्टा, डॉक्टरीणबाईंची पाऱ्यावर खिळलेली नजर, आणि मग, "ठीक." सतीश खिडकीबाहेरून विचारायचा, "किती?" आणि आकडा ऐकून खिशातल्या कागदावर लिहायचा. आठवा लागला. तोही सरला. जून महिन्याच्या मध्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता गोळी बंद," आणि करुणाला हातातली काठी काढून घेतल्यासारखं वाटलं. रात्री जेवल्यावर ती नुसतं पाणी प्यायली. अंजनाबाई शेजारी बसून तिच्या पायावरून हात फिरवत राहिल्या.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात, भर दुपारी, शिरूरच्या त्या दवाखान्यात करुणाला मुलगी झाली. ती आल्याबरोबर रडली, तेही अशा सुरात की बाहेर बाकावर बसलेल्या कस्तुराबाईंनी पोपटरावांना कोपर मारलं. सतीश दौंडहून ड्यूटीच्या कपड्यांतच आला होता आणि दाराशी उभा राहून विनाकारण सगळ्यांना वाट देत होता.

नर्सनं वजन सांगितलं. दोन किलो नऊशे.

"परत सांगा," करुणा म्हणाली.

"दोन किलो नऊशे."

"परत."

नर्सनं डॉक्टरीणबाईंकडं बघितलं. त्या करुणाच्या दंडाचा पट्टा सोडत होत्या, "बी.पी. छान," असं पाऱ्यालाच सांगत होत्या. "सांग गं," त्या म्हणाल्या. "ती म्हणेल तितक्यांदा सांग." नर्सनं पाचदा सांगितलं. सहाव्यांदा सांगायच्या आधी तिनं बाळच करुणाच्या कुशीत ठेवलं, की बघा, तुम्हीच जोखा.

अंजनाबाई आत आल्या. हात धुवून, पदर सावरून, विहारात जावं तशा. त्यांनी नातीचं कपाळ बघितलं, बोटं बघितली, तळपाय बघितले. मग डॉक्टरीणबाईंच्या जवळ जाऊन, या घराण्याला आता कसं वागायचं ते पुरतं कळलंय अशा गंभीर आवाजात विचारलं, "डॉक्टर, आता हिला कवा चालू करायची गोळी?"

"हिला?" डॉक्टरीणबाईंना हसू आवरेना. "हिला नाही आजी. लहान लेकराला ही गोळी चुकूनही द्यायची नसते. हिला फक्त आईचं दूध."

अंजनाबाईंनी बाळाकडं बघितलं. बाळानं जांभई दिली.

"बरं," त्या म्हणाल्या, आणि ओच्यातून स्वच्छ, कोरडं, उन्हात वाळवून कडक झालेलं फडकं काढून त्यांनी नातीला त्यात गुंडाळलं.